बोटाखालचे ठोके

माझ्या भावाच्या मुलीला डॉक्टरांनी सांगितलं, की तिच्या हृदयाची झडप अधू आहे. भाऊ गावाहून, कुहीहून, मुद्दाम ते सांगायला आला. म्हणाला, "तुले बी हेच झालं होतं नं? तिले थोडं समजावून सांग." मी मान हलवली. पण समोर बसून समजावणं मला कधी जमलं नाही. चार माणसांत तर मुळीच नाही. लिहिताना कोणी बघत नसतं. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात बसेल तसं लिहिते. तिला वाचायला द्यायचं की नाही, ते मग ठरवीन.

*

महाल नावाच्या जुन्या वस्तीत एका बोळात आमचं घर होतं. मागे लहानसं अंगण आणि अंगणात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. मोठीबाई आणि मी लोकांचं तिखट कांडून द्यायचो. मोठीबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. बोळाच्या तोंडाशी विजेची चक्की बसली होती, पण चक्कीत तिखट गरम होतं आणि चव जाते म्हणणारी घरं बरीच होती. ती आपली भिवापुरी मिरची वाळवून, देठ काढून आमच्याकडे पाठवायची.

एका उखळात आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून दोन मुसळं चालवायचो. तिचं वर, तेव्हा माझं खाली. ताल चुकला तर मुसळाला मुसळ लागतं आणि मनगटापर्यंत मुंग्या येतात. सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी, ते मोठीबाई ठरवायची. असं कोणी शिकवलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच होतं.

मला खोकला यायचा, पण तिखट कांडणारीला खोकला नसेल तरच नवल. नाकपुड्यांना गोडं तेल लावायचं, पदर नाकावरून बांधायचा, गूळ चघळायचा. एवढं केलं की झालं. म्हणून वर्षभर कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही, मीही नाही. मग पावसाळा आला, कांडप बंद झालं, तरी खोकला राहिला. आडवं पडलं की जास्त यायचा. मी उशीखाली सतरंजीची घडी ठेवून झोपू लागले. तरीही घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, तिखट छातीत बसलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात कांडता कांडता मला श्वास पुरेना. मी मुसळ टाकून खाली बसले. मोठीबाईने कांदा फोडून नाकाशी धरला, ऊन लागलं म्हणाली. ऊन अजून अंगणात यायचं होतं. माझे निळे पडलेले ओठ पाहून तिने भाडेकऱ्याच्या धाकट्या मुलाला सायकलच्या दुकानात यांना बोलवायला पाठवलं. हे तिथे दुरुस्तीचं काम करायचे. हातावरचं ग्रीस न पुसताच आले आणि मला सायकल रिक्षात घालून सरकारी इस्पितळात घेऊन गेले.

*

डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. मग शिकणारी मुलं आली आणि एकेकाने ऐकलं. मी पदर घट्ट धरून भिंतीकडे बघत होते. डॉक्टर विचारत आणि उत्तरं हे देत. खोकला कधीपासून, जेवण कसं, झोप कशी. मग डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का?"

हे म्हणाले, "नाही."

मी मान हलवून होय म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना ठाऊकच नव्हतं. मीही विसरले होते असं नाही, पण ती कुणाला सांगायची गोष्ट वाटली नव्हती. दहा वर्षांची असताना मला ताप आला होता. आधी गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग घोटा, मग कोपर. जणू सूज अंगभर फिरायला निघाली होती. आई रुईची पानं तव्यावर शेकून बांधायची. धान कापणी आली तोवर मी बरी झाले. शाळा मात्र तिथेच सुटली.

डॉक्टर म्हणाले, सांधे बरे झाले, पण त्या तापाने हृदयातल्या एका झडपेला धरलं. ती जाड झाली, आता पुरती उघडत नाही. हे विचारायला लागले, की औषधाने उघडेल का, ऑपरेशन लागेल का. मी वेगळाच विचार करत होते. आमच्या मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं आणि अर्धंच उघडतं. मग सणावारी तिथे बायकांची गर्दी होते, आतल्या आत अडकतात, बाहेरच्या बाहेर. माझ्या छातीत तसं दार होतं आणि इतकी वर्षं मी त्यावर मुसळ मारत होते. मला आधी भीती वाटली नाही, नवल वाटलं. हे सगळं आत चाललं होतं आणि मला काही कळलं नव्हतं.

भीती वाटली ती खाट मिळाल्यावर. यांना बाहेर जायला सांगितलं तेव्हा.

*

वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासाने व्हायची. मग तापाची कांडी, मग गोळ्या, मग सिस्टर यायच्या आणि मनगट धरून आपल्या घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या. आमच्या गावी वैद्य नाडी बघायचे ते डोळे मिटून. बाईची डावी, पुरुषाची उजवी. आणि काल काय खाल्लं तेसुद्धा सांगायचे म्हणत. सिस्टर हात धरायच्या तेव्हा मला संकोच वाटायचा. वाटायचं, हिला माझ्याबद्दल काय काय कळत असेल.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा रोज डबा आणायचा आणि ती त्यातली आळणी भाजी मला द्यायची, कारण तिच्यासारखं मलाही मीठ बंद होतं आणि इस्पितळातली आळणी भाजी घशाखाली उतरत नव्हती. मला काही हवं असलं, की तीच ओरडायची, "सिस्टरबाई, या पोरीले पानी पायजे." मी काही मागत नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती बरी होऊन घरी गेली तेव्हा मला दोन दिवस पाणी कमीच प्यावं लागलं.

त्या दिवसांत मी धीर करून सिस्टरना विचारलं, "तुम्ही काय ऐकता?" त्या केरळकडच्या होत्या, हिंदी बोलायच्या. हसल्या. म्हणाल्या, "सुनती नहीं, गिनती हूँ." मग माझ्याच उजव्या हाताची दोन बोटं धरून त्यांनी माझ्या डाव्या मनगटावर ठेवली. मी अंगठा लावू लागले तर त्यांनी तो बाजूला केला. "अंगूठा नहीं. उसकी अपनी नाड़ी होती है." बांगड्या वर कोपराकडे सारल्या. बराच वेळ काही लागेना. मग लागलं. अंड्यातलं पिल्लू आतून चोच मारतं, तसं काहीतरी बोटाखाली मारत होतं. मी श्वास धरून बसले, कुठे निघून जाईल की काय म्हणून.

एकदा डॉक्टर नसताना त्यांनी नळी माझ्या कानात घातली आणि टोक छातीवर ठेवलं. मला वाटलं होतं नुसती धडधड असेल. तसं नव्हतं. ठोका, आणि त्यामागे कोणी जडशीळ पोतं जमिनीवरून ओढतं तसा घरघराट. सिस्टर म्हणाल्या, हाच तो आवाज, डॉक्टर लोक हाच ऐकतात. चार शिकाऊ मुलांनी ऐकला होता, आता मीही ऐकला.

*

मग मला चाळाच लागला. वॉर्डाच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून पंधरा सेकंद मोजायचं आणि मिनिटाचे ठोके काढायला चारचा पाढा म्हणायचा. चारचा पाढा माझा पक्का होता. सकाळी उठल्यावर मोजायची. न्हाणीपर्यंत जाऊन आले की मोजायची. नंदा, माझी मुलगी, भेटायला आली तेव्हा तिची मोजली. लहान पोरांची किती पळते. यांची मोजली, यांची सावकाश होती, बैलगाडीसारखी.

एक गंमत कळली. नाडी नुसती कामानेच चढत नाही. मोठीबाई वॉर्डाच्या दारात दिसली, की मी पडल्या जागेवरून न हलताही माझी नाडी चढायची. ती डबा ठेवायची, बरं आहे का विचारायची, पदराने माझ्या खाटेवरची धूळ झटकायची, आणि जाताना म्हणायची, "गोदाचा हात चांगला हाय. तू काळजी नको करू."

गोदा आमच्या बोळातलीच, तीन घरं सोडून राहायची. दंड भरलेले, आवाज मोकळा. मी इस्पितळात असताना मोठीबाईने तिला दुसऱ्या मुसळाला लावलं होतं. मला काळजी नको म्हणून ती सांगायची, खरंच तसंच असेल. पण मला तेवढीच काळजी लागायची. त्या घरात माझ्याकडे दुसरं काय होतं? मी बोलून कोणाचं मन धरत नव्हते. स्वयंपाक मोठीबाईचा, देणंघेणं मोठीबाईचं, पाहुणे मोठीबाईचे. उखळापाशी मात्र मी तिच्या बरोबरीने उभी असायची. ते दुसरं मुसळ गेलं असतं, तर मी घरात एक आजारी माणूस उरले असते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला या, मीठ कमी. कांडायचं का, ते यांनी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी त्यांना सांगितलं असावं, की ही मोजते. ते म्हणाले, "थोडं थोडं हलकं काम करून बघा. काम सोडलं की लगेच नाडी मोजा. पंधरा सेकंदांत तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. पुढल्या वेळी मला आकडे सांगा, मग तिखटाचं ठरवू."

*

घरी गजराचं घड्याळ होतं, त्यात सेकंदाचा लहान काटा वेगळा होता. ते मी अंगणातल्या ओट्यावर आणून ठेवायची. थोडं धने-जिरं कांडायची, मग मुसळ भिंतीला टेकवायची आणि ओट्यावर बसून मनगट धरायची. मी मुसळ ठेवलं रे ठेवलं, की गोदा ते उचलायची. काम खोळंबू नये म्हणून. ती तिच्या घरचं निवडण घेऊन आमच्याच दारात बसलेली असायची. मला बघून म्हणायची, "बसली पाय घड्याळ घेऊन टेशनमास्तर. आता कोनती गाडी येऊन राहिली वं?" मोठीबाई हसायची. मीही हसायची, पण आकडा चुकू नये म्हणून तोंड मिटून.

आकडा यायचा चोवीस.

दुसऱ्या दिवशी चोवीस. जास्त कांडलं तरी चोवीस. मला इतका आनंद झाला. पुढच्या फेरीला यांनी डॉक्टरांना सांगितलं तर तेही खूष झाले. म्हणाले, काम करूनही शंभराच्या आत म्हणजे उत्तम, मग तिखट थोडं थोडं सुरू करा. येताना यांनी जिलेबी घेतली. मोठीबाईने एक तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "गोदाले सांगून देते मंग, आता धाकटी आली म्हून."

ते ऐकायला मी दोन महिने थांबले होते.

पण अंग काही चोवीस म्हणत नव्हतं. मिरची कांडायला लागले आणि संध्याकाळी पावलं जड होऊ लागली, जोडव्यांचा वळ बोटांवर राहू लागला. उशीखाली पुन्हा सतरंजी आली. मी स्वतःला म्हणायची, आकडा चांगला आहे, तुझा आपला मनाचा खेळ. भाचीला हे सांगायला हवं. आकडा हाताशी आला, की माणूस श्वासाचं ऐकेनासं होतं. गोदाचंही जाणं झालं नव्हतं. मोठीबाईने सांगितलं होतं तरी ती सवयीने येऊन बसायची आणि माझ्या मोजण्यापुरतं मुसळ धरायची.

*

एक दिवस गोदा आली नाही, तिच्या घरी पाहुणे होते. मी मुसळ टेकवून ओट्यावर बसले, तेवढ्यात पुढच्या दारी गिऱ्हाईक आलं म्हणून मोठीबाईही आत गेली. अंगणात कोणी नव्हतं. मी बोटं ठेवली आणि काट्याकडे बघत मोजू लागले.

अडतीस.

वाटलं, मोजताना घसरले. पुन्हा मोजलं, सदतीस. बोटं बदलली, अंगठा तर लागत नाही ना बघितलं. तोच आकडा. आणि ठोके सारखेही नव्हते, मधूनच एखादा पाय अडखळल्यासारखा पडत होता. आज मला काय झालं असेल, याचाच मी दिवसभर विचार करत राहिले. काही खाल्लं का, कोणी रागावलं का.

दुसऱ्या दिवशी गोदा आली. मुसळं चालू असताना मी मोजलं, तर पुन्हा चोवीस. अगदी नीटनेटके चोवीस, एकही ठोका वेडावाकडा नाही. तेव्हा मला शंका आली. मी आत गेले, गोधडीच्या उसवलेल्या टोकातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घट्ट बसवला. बाहेर येऊन थोडं कांडलं, ओट्यावर बसले. कापसातूनही धमक पायांखालच्या फरशीतून येत होती, म्हणून पाय वर घेतले. गोदाला फार हसू आलं, तिचे हलणारे ओठ मला दिसत होते, शब्द नाही. आता मोजलं.

सदतीस.

म्हणजे मी इतके दिवस माझी नाडी मोजलीच नव्हती. बोटं मनगटावर होती आणि मोजत होते मुसळं. मोठीबाईचं एक, गोदाचं एक. दोघींचा हात इतका बसलेला, की पंधरा सेकंदांत चोवीस घाव, ना एक कमी ना एक जास्त. माझे कान आठ वर्षं त्या तालाला बांधलेले. मुसळ चालू असलं, की मला दुसरं काही मोजताच येत नव्हतं. घटकाभर "थांबा, मला मोजू द्या" म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण मोठीबाईला थांबा म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

*

रात्री मी यांना सगळं सांगितलं, तेव्हा यांचा चेहरा उतरला. खूप वेळ सायकलची चेन पुसावी तसं बोटांनी चादरीची कड पुसत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर खूष हाय, मोठीबाई खूष हाय. चोवीसच राहू दे नं. हळूहळू खरंच होईन चोवीस." ते वाईट मनाने बोलले नाहीत. ते माझ्या दुखण्याला घाबरले होते आणि घरालाही. 

मलाही ते सोपं वाटलं नव्हतं असं नाही. अडतीस सांगितले तर तिखट जाणार, तिखट गेलं की मुसळ गोदाचं. चोवीस सांगितले तर सगळं आहे तसं राहणार. पण एक गोष्ट मला सोडत नव्हती. तो अडखळणारा ठोका मी बोटाखाली धरला होता. तो आत काय करत होता, हे मला जाणून घ्यायचं होतं. चोवीस सांगितलं असतं तर ते मला कोणीच सांगितलं नसतं.

इंजेक्शनच्या दिवशी हे बाहेर चिठ्ठी घ्यायला गेले, तेवढ्यात मी सिस्टरना सगळं सांगितलं. मुसळं, गोदा, कापूस. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्या इंजेक्शनची सुई तशीच हातात धरून ऐकत होत्या. मग जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, फिर से बोलो. मी पुन्हा सांगितलं. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे महिनाभर मीही मुसळच मोजत होतो."

त्यांनी मला लाकडी स्टुलावर चढ-उतर करायला लावली. मग एका मनगटाला ते, दुसऱ्याला सिस्टर, असे दोघं उभे राहिले. मोजून झाल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. मला वाटलं विसरले. त्यांनी सांगितलं, किती वर चढते एवढंच बघायचं नसतं, खाली यायला किती वेळ लावते तेही बघायचं असतं. माझी चढायची लवकर आणि उतरायची फार रेंगाळत. अडखळणाऱ्या ठोक्यासाठी त्यांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि एक गोळी वाढवली. असं पुन्हा झालं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, हे दोनदा बजावलं. ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, पण नीट वागले नाही तर येईल, म्हणाले.

मग निकाल सांगितला. मिरची कायमची बंद. हलका मसाला चालेल, तोही बेताने. तीस आले की थांबायचं, आणि नाडी खाली आल्याशिवाय पुन्हा मुसळ उचलायचं नाही. "मुसळं बंद करून मोजायचं. दोन्ही मुसळं," असं ते जाताना म्हणाले.

*

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या जावेला असं सरळ सांगत नाही. हे आपल्या दादाला सांगणार, दादा जेवताना आपल्या बायकोला सांगणार. तसंच झालं. दादांच्या ताटाशी मोठीबाईने सगळं ऐकलं आणि भाकरी वाढली.  तिसऱ्या दिवशी मीठ घालायच्या आधी माझी भाजी वेगळी काढताना म्हणाली, "तिखट गोदाचं. मसाल्याले तुले घेऊन पायते आठ दिवस. पन घडी घडी काम थांबलं तं गिऱ्हाईक मसाला चक्कीवर नेईन. मंग मले काही म्हनू नको."

पहिले काही दिवस मी थांबलेच नाही. हात हळू चालवायची आणि मनात म्हणायची, अजून तीस झाले नसतील. माझा हात हळू झाला, की मुसळं एकमेकांना लागायची आणि मोठीबाई माझ्याकडे बघायची.

मग बोळातल्या एका लग्नघराचा मसाला आला. भाजलेले धने, खोबरं, तीळ, वासाने अंगण भरलेलं. गोदा दारात बसून दुसऱ्या कोणाच्या मिरच्यांचे देठ काढत होती. आम्ही सुरू केलं. काही वेळाने मला मानेत ठोके जाणवू लागले, मग कानात. मुसळ टेकवून मुकाट बसले असते, तर गोदा उठली असती, मुसळं चालू राहिली असती आणि मी पुन्हा चोवीस मोजले असते. दोन्ही मुसळं बंद व्हायची असतील तर ते मलाच म्हणायचं होतं. घरात दादा नव्हते, हे नव्हते. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "थांबा."

माझं मलाच ऐकू आलं नाही. मोठीबाईचं मुसळ खाली आलं, पुन्हा वर गेलं. मी माझं मुसळ उखळाबाहेर काढलं, जमिनीवर उभं टेकवलं आणि पुन्हा म्हटलं, "मोठीबाई, थांबा. मला मोजायचं आहे."

तिचं मुसळ वरच्या वर राहिलं. गोदा सवयीने उठली आणि मांडीवरचे देठ झटकत पुढे आली. मोठीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "बस तू." मग मुसळ खाली घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, झालं.

"मंग आजवर सांगत काहून नव्हती?" ती म्हणाली. "मले का तुया छातीतलं ऐकू येते?"

मी मुसळ भिंतीला टेकवून ओट्यावर बसले.

"आठ वरसं झाले. तू थांबशीन, तू थांबशीन म्हून मी मारून राहिली. माये बी दंड भरून येतेत. पन धाकटी थांबत नाही तं मोठीनं कसं थांबाव?"

गोदा तोंडाला पदर लावून हसू लागली. मोठीबाईने मुसळ भिंतीला लावलं आणि ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली, घड्याळ सरकवून. तिला घाम आला होता. मी तिला कधी अशी कामाच्या मध्ये बसलेली बघितली नव्हती. अंगण इतकं शांत होतं, की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी बोटं ठेवली. बत्तीस होते. मी बोटं तशीच ठेवली.

थोड्या वेळाने ती माझ्या मनगटाकडे वाकली, जणू तिलाही ते तिथे दिसणार होतं.

"आली का खाली?"

"येऊन राहिली," मी म्हटलं.